कोल्हेकानाचा चंबू

मित्रांनो, मी एक जुना चंबू आहे. गोल बुडाचा, लांब मानेचा, काचेचा. टेबलावर नुसता ठेवाल तर लवंडेन, म्हणून माझ्याखाली कायम बुचाच्या लाकडाची चुंबळ असते. तुमच्या शाळेच्या प्रयोगशाळेतही वरच्या फळीवर माझे भाऊबंद असतील. त्यांना तुम्ही कधी हात लावला नसेल, कारण फुटला की बाई ओरडतात. मीही असाच फळीवर बसून असतो. फरक इतकाच, की मला वरचेवर खाली काढतात, धुतात आणि माझ्यात काहीही न भरता माझी परीक्षा घेतात. रिकाम्या भांड्याची कसली आलीय परीक्षा, असं तुम्हाला वाटेल. पण ही पद्धत एक पोरगी गेल्यानंतर सुरू झाली, आणि तिचीच गोष्ट मला सांगायची आहे. गोष्ट गोड नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

माझा जन्म पेरू देशातल्या लिमा शहरात झाला. ब्रेन्या वस्तीत तेओफिलो नावाचे एक म्हातारे काचकाम करायचे. त्यांनी काचेची नळी ज्योतीवर धरली, बोटांनी सारखी फिरवत ठेवली, आणि काच मधासारखी ओघळायला लागल्यावर नळीला तोंड लावून अगदी हळू फुंकर घातली. माझं पोट फुगलं ते त्यांच्या श्वासानं. श्वास मध्येच तुटला असता तर मी एका अंगाला कलंडलेला निघालो असतो. पण तेओफिलोंचा श्वास तुटत नसे, आणि त्याचा त्यांना भारी अभिमान होता.

मला विकत घ्यायला आलेल्या बाईंना त्यांनी तो अभिमान ऐकवलाच. त्या बाई म्हणजे डॉक्टर रोसाउरा बुस्तिन्सा. क्षयावर नवं औषध शोधतात, हे कळल्यावर म्हातारा आपल्या छातीवर थाप मारून म्हणाला, "बाई, ह्या छातीत तरुणपणी क्षय होता. गोळ्या खाऊन खाऊन तोंडाची पार माती झाली, पण एक गोळी चुकवली नाही. म्हणून आज हा चंबू फुगला." रोसाउराबाई हसल्या आणि मला वर्तमानपत्रात गुंडाळून घेऊन गेल्या. ते वाक्य मी तेव्हा कानाआड केलं. नव्या भांड्याला आपल्या चकाकीपुढे दुसरं काय सुचणार!

आमची प्रयोगशाळा शहराच्या उत्तर टोकाला, एका बोडक्या टेकडीच्या पायथ्याशी. टेकडीवर शेंड्यापर्यंत घरं, आणि वरच्या घरांना पाणी टँकरनं. वर्षातले कितीतरी महिने आभाळ गाढवाच्या पोटासारखं राखाडी असतं. पाऊस म्हणाल तर पडत नाही आणि कपडे म्हणाल तर वाळत नाहीत. अशा ओल्या, कोंदट खोल्यांत क्षय सुखानं नांदतो. टेकडीवर घराआड एक तरी खोकला होता.

आमचं काम काय ते थोडक्यात सांगतो. क्षयाचा जंतू मोठा चिवट. त्याच्या अंगावर मेणचट कवच असतं, ते औषधाला आत शिरू देत नाही. हे कवच बांधायला जंतूकडे स्वतःचे कामकरी असतात, त्यांना विकरं म्हणतात. जेवण पचवणारी विकरं तुम्ही पुस्तकात वाचली असतील, त्यांच्याच जातीची. असं समजा, की विकर म्हणजे गवंडी. गवंड्याच्या मुठीत थापीऐवजी भलतंच काहीतरी घट्ट अडकवून दिलं, तर त्याचं काम जागच्या जागी थांबतं, भिंत राहते अर्धी आणि जंतू पडतो उघडा. जुन्या औषधांना काही जंतू आता भीक घालत नव्हते. म्हणून विकराच्या मुठीत जाऊन बसेल असा नवा पदार्थ रोसाउराबाई झाडपाल्यात शोधत होत्या.

माझं काम त्यात हमालीचं. पाला अल्कोहोलमध्ये भिजवायचा, ते पाणी माझ्यात ओतायचं, मग मला एका यंत्राला आडवं टांगून कोमट पाण्याच्या घंगाळात गरागरा फिरवायचं. अल्कोहोल उडून जायचं आणि माझ्या तळाशी चिकट अर्क उरायचा. त्यातला थेंबभर अर्क विकरात घालून प्रकाश मोजणाऱ्या यंत्रात ठेवत. विकर काम करत असलं की यंत्राच्या पडद्यावर रेघ हळूहळू खाली उतरे. थांबलं तर रेघ आडवीच्या आडवी राहायला हवी. रोसाउराबाई उभ्यानं उकडलेला मका आणि चीज खात त्या पडद्याकडे बघत राहायच्या. आणि रेघ उतरायची. वर्षानुवर्षं नुसती उतरतच होती. डोंगर पोखरून उंदीर निघतो म्हणतात, आमच्या नशिबी उंदीरही नव्हता.

त्या बाईंचा एक नियम होता. एका झाडाचा अर्क दुसऱ्यात मिसळून घोटाळा होऊ नये म्हणून प्रत्येक झाडाला आपापला चंबू. झाडाचं काम संपेपर्यंत तो चंबू त्याचाच, दुसरा वापरायचा नाही. भांडी मोजकीच होती, त्यामुळे नियमही कडक होता. नियम चांगलाच होता. त्याच नियमानं पुढे आमचा गळा कापला, ही गोष्ट वेगळी.

आता मेल्चोराबद्दल सांगतो. तिला सगळे मानानं दोन्या मेल्चोरा म्हणत. मागच्या अंगणातल्या दगडी मोरीवर ती आमची भांडी धुवायची. डोंगरात बंडखोर आणि लष्कर यांच्या कात्रीत माणसं मारली जात होती त्या वर्षांत ती आयाकुचोकडच्या आपल्या गावाहून लेकीला पाठीशी बांधून खाली शहरात आली, ती इथलीच झाली. भांड्यांशी ती केचुआ ह्या आपल्या डोंगरी भाषेत बोलायची, म्हणजे रागवायचीच. "एवढा मोठा झालास, अजून मान ताठ धरता येत नाही," असं मला ऐकवायची आणि ब्रश आत घालून असा फिरवायची की मला गुदगुल्या व्हाव्यात. घरी टँकरच्या पाण्याचा थेंबन्‌थेंब जपणारी बाई, पण इथे नेमून दिल्याप्रमाणे आधी नळाच्या आणि मग शुद्ध केलेल्या पाण्यानं आम्हाला मनसोक्त खळबळायची. तिच्या हाताखालून निघालेलं भांडं कोरं करकरीत असायचं.

तिची ती लेक म्हणजे नेलिदा. टेकडीखालच्या नाक्यावर पहाटे तिची एमोलिएन्तेची गाडी लागायची. जवस, जव आणि पाल्याचा तो गरम काढा पिऊन माणसं कामावर जायची. नेलिदाच्या हाताला चव होती आणि जिभेला धार होती, त्यामुळे गिऱ्हाईक हटत नसे. मग ती खोकायला लागली. आधी सर्दी म्हणाले, मग धूळ म्हणाले, शेवटी दवाखान्यानं सांगितलं की क्षय आहे, आणि तोही साध्या गोळ्यांना दाद न देणारा. बातमी टेकडी उतरून नाक्यावर पोचायला वेळ लागला नाही. एका सकाळी गाडीपाशी कुणी फिरकलंच नाही. नेलिदानं सगळा काढा गटारात ओतला आणि गाडी वर ढकलत नेली.

तेव्हापासून ती रोज दवाखान्यात जाऊन नर्ससमोर मूठभर गोळ्या गिळायची आणि वर सुई टोचून घ्यायची. गोळ्यांनी पोटात ढवळायचं, अन्नाचा वास नकोसा व्हायचा. सुईनं कानात सतत घंटा वाजायची आणि हळूहळू ऐकूच कमी यायला लागलं. मेल्चोरा हे सगळं मोरीवर आम्हाला सांगायची. आणि आणखी एक गोष्ट सांगायची, की घरी तिनं नेलिदाचा कप वेगळा केला होता. टेकडीवर सगळे तसंच करत. आजाऱ्याचा कप, ताट, चमचा वेगळा, आणि तो गुलाबी जंतुनाशक साबणानं धुवायचा. शेजारणीनं वर सांगितलं होतं, की हा साबण फार खळबळू नये, थोडा राहू द्यावा, म्हणजे जंतू परत यायची हिंमत करत नाहीत. नेलिदाला तो वेगळा कप मुळीच आवडत नसे. ती कपाकडे बघून म्हणायची, "गाडी गेली, गिऱ्हाईक गेलं, आता घरच्यांनीही टाकलं." मेल्चोरा ऐकून न ऐकल्यासारखं करायची.

एके दिवशी डोंगरातून एक गाठोडं आलं. रोसाउराबाईंनी ते अंगणात सोडलं आणि मेल्चोरा हातातलं भांडं तसंच ठेवून पुढे आली. तिनं एक पान चुरगाळून नाकाशी धरलं आणि तिचे डोळे भरून आले. ते तिच्या गावचं झुडूप होतं. पानं केसाळ आणि टोकदार, म्हणून गावात त्याला कोल्हेकान म्हणायचे. आजी खोकल्यावर तेच द्यायची, असं ती सांगत राहिली. रोसाउराबाईंनी ऐकून घेतलं, गाठोडं आत नेलं, आणि फळीवरून मला काढलं. त्या दिवसापासून मी कोल्हेकानाचा चंबू झालो.

पानांचा अर्क काढला. विकरात घातला. रेघ उतरली, रोजच्यासारखीच. रोसाउराबाईंनी खांदे उडवले आणि मुळं शिल्लक आहेत, तेवढी बघून हे झाड संपवू, असं म्हणाल्या. मेल्चोराला मात्र ते फार लागलं. आजीचं झाड खोटं कसं ठरेल? संध्याकाळी मला धुताना ती पुटपुटत होती, की झाडात खोट नाही, चंबूच नीट निघाला नसेल, आधीच्या कुठल्या झाडाचं काहीतरी चिकटून राहिलं असेल. मी आतून कोरा करकरीत होतो. पण मित्रांनो, काचेला नुसतं तोंड असतं, बोलता येत नाही.

दुसऱ्या दिवशी तिनं घरून गुलाबी साबणाची बाटली आणली. बाकीच्या भांड्यांना नेहमीची पावडर, आणि मला एकट्याला तो साबण. नेलिदाचा कप धुवायची तशीच मला धुतलं, अगदी मायेनं, आणि तसंच वरवर खळबळून पालथं घातलं, म्हणजे साबण थोडा राहील. माझ्या अंगाला दवाखान्यासारखा वास येत होता. आयुष्यात पहिल्यांदाच माझे लाड होत होते आणि खरं सांगायचं तर मला ते आवडले.

मग मुळांचा अर्क निघाला. रोसाउराबाई मका चावत पडद्यासमोर उभ्या राहिल्या, आणि चावायच्या थांबल्या. रेघ आडवी होती. त्यांनी यंत्र बंद करून पुन्हा लावलं. रेघ आडवीच. मुळं पुन्हा भिजवली, नियमाप्रमाणे माझ्यातच आटवली, पुन्हा तपासली, आणि रेघ पुन्हा हूं का चूं न करता आडवी. दर फेरीच्या मध्ये मेल्चोरा मला धुवत होती, कशानं ते कुणी विचारलं नाही. कोण विचारणार? मोरीवर काय चालतं ते बघायला जायची आमच्याकडे पद्धतच नव्हती.

ज्यांनी इतकी वर्षं नुसती उतरण बघितली, त्यांना आडवी रेघ दिसल्यावर धीर कुठून राहणार! रोसाउराबाई धावत अंगणात गेल्या आणि मेल्चोराचे ओले हात हातात घेऊन म्हणाल्या, "दोन्या मेल्चोरा, तुमच्या गावच्या झाडानं विकर थांबवलंय." मग भानावर येऊन त्यांनी समजावलं, की ही नुसती सुरुवात आहे, मुळातला नेमका पदार्थ वेगळा काढायचा आहे, मग प्राण्यांवर, मग माणसांवर, आणि ह्यात वर्षंच्या वर्षं जातात. सगळं बरोबर सांगितलं हो त्यांनी. पण आईच्या कानात पहिलं वाक्य शिरलं आणि दार लागलं. तिनं सगळ्याला मान डोलावली आणि लवकर घरी गेली.

चारच दिवसांनी नेलिदा स्वतः अंगणात आली. तोंडाला मास्क, अंगावर आईचा शाल-स्वेटर, आणि त्याखाली नुसता सापळा. मी मोरीवर पालथा होतो. मेल्चोरानं मला उचलून तिच्यासमोर धरलं.

"हाच का तो?" नेलिदा म्हणाली. "आई, ह्याचं पोट तर आपल्या बटाटेवाल्यासारखं सुटलंय. आणि तू म्हणे माझ्यापेक्षा ह्याच्याशीच जास्त बोलतेस."

"हा ऐकतो तरी," मेल्चोरा म्हणाली, मोठ्यानं, कारण लेकीला नीट ऐकू येत नव्हतं.

नेलिदा हसली आणि हसताना खोकली. खोकला थांबल्यावर ती मोरीच्या कडेला बसली आणि तिनं बोटानं माझ्या पोटावर टिचकी मारली. मी टण्‌ वाजलो. ते तिला ऐकू आलं नाही, हे तिच्या चेहऱ्यावरून मला कळलं. तिलाही कळलं असावं.

"मग आता त्या गोळ्यांची कटकट कशाला?" ती म्हणाली. "हे येतंच आहे, तर तोवर पोटाला सुट्टी देते. तू हाक मारतेस ती मला तुझ्या ओठांवरून वाचावी लागते, आई. आणखी काय काय घालवू त्या सुईपायी?"

मेल्चोरा चाचरत म्हणाली, "डॉक्टरबाई म्हणाल्या, वेळ लागेल."

"वेळ आहे की माझ्याकडे. दुसरं काय आहे?"

मला तेओफिलोंची आठवण आली. एक गोळी चुकवली नाही म्हणून हा चंबू फुगला, असं तो म्हातारा म्हणाला होता. ते ह्या पोरीला सांगणारं अंगणात कुणी नव्हतं. मेल्चोरानं तिला थांबवलं नाही. उलट बाजारातल्या जडीबुटीवाल्या बाईकडून तिनं कोल्हेकानाची मुळं आणली, आणि घरी रोज सकाळी ती काढ्यात उकळून नेलिदाला द्यायला लागली, त्या वेगळ्या कपातून.

आता ह्यातला कावा बघा. नेलिदा सुधारली. खरंच सुधारली! गोळ्या बंद झाल्या तसं पोटातलं ढवळणं थांबलं, कोंबडीचं सार तिला गोड लागायला लागलं, गालावर थोडं मांस आलं. दवाखान्याची नर्स दोनदा टेकडी चढून बोलवायला आली, तर मायलेकींनी तिला चहा पाजून, आज येतो उद्या येतो करत वाटेला लावलं. मेल्चोरा मोरीवर गाणी म्हणायला लागली. मला ती इतकी घासायची आणि इतकी कमी खळबळायची, की माझ्या आतल्या अंगावर गुलाबी साबणाची सायच धरली होती. रोसाउराबाईंना ह्यातलं काहीच माहीत नव्हतं. लेक कशी आहे, असं त्या येता-जाता विचारायच्या आणि बरी आहे हे उत्तर ऐकून पुढे जायच्या. बरी म्हणजे गोळ्यांनी बरी, असं त्या धरून चालल्या.

मग घडी विस्कटली. रोसाउराबाईंनी ती मुळं दुसऱ्या शहरातल्या एका ओळखीच्या प्रयोगशाळेत पाठवली होती. तिकडून निरोप आला, की आमच्याकडे रेघ उतरतेय. रोसाउराबाईंनी आधी तिकडच्यांनाच नावं ठेवली. मग त्यांनी खोक्यातून एक कोरा चंबू काढला, स्वतःचा नियम मोडला, आणि कोल्हेकानाचा अर्क त्यात आटवला. रेघ उतरली. बाई खुर्चीत बसून राहिल्या. बऱ्याच वेळानं उठल्या आणि माझ्याकडे आल्या. मी धुऊन वाळलेला, अगदी रिकामा होतो. त्यांनी माझ्यात नुसतं अल्कोहोल ओतलं, झाड नाही, पान नाही, मूळ नाही. मला गरागरा फिरवून ते आटवलं आणि तळाशी उरलेलं काही-नाही तपासायला लावलं.

रेघ आडवी राहिली. टेबलाच्या कडेसारखी सरळ. इतके दिवस ज्याला औषध समजून सगळे नाचत होते, ते म्हणजे नुसता रिकामा मी होतो.

त्यांनी मेल्चोराला आत बोलावलं आणि शांतपणे विचारलं, "हा चंबू तुम्ही कशानं धुता?"

मेल्चोराचा चेहरा उजळला. शेवटी कुणीतरी विचारलं होतं. "ह्याला माझा वेगळा साबण आहे, डॉक्टरबाई. बाकीच्यांना पावडर. हा माझ्या नेलिदाचा ना, म्हणून." आणि ती पदराआडून काढावी तशी अंगरख्याच्या खिशातून गुलाबी बाटली काढून अभिमानानं पुढे धरती झाली.

रोसाउराबाईंनी बाटलीवरचं बारीक अक्षर वाचलं आणि डोळे मिटले. मग सावकाश सांगितलं. त्या साबणात जंतू मारायला जे रसायन घालतात, ते नेमकं ह्याच विकराच्या मुठीत जाऊन बसतं. ते शास्त्राला आधीच ठाऊक आहे. माझ्या अंगाला राहिलेला साबण अर्कात उतरत होता आणि रेघ आडवी करत होता. झाडाचा त्याच्याशी काही संबंध नव्हता.

"म्हणजे मुळांत काही नाही?"

"नाही."

"मग त्या साबणाचंच औषध करा की." मेल्चोरा हे अगदी खरेपणानं म्हणाली.

"करून बघितलंय लोकांनी. ते पोटातून छातीपर्यंत पोचतच नाही, वाटेतच मोडून जातं." रोसाउराबाईंनी तिचा हात धरला. "तुम्हाला मी काही बोलत नाही. मीच आधी रिकामा चंबू तपासायला हवा होता. पुन्हा सुरुवात करू."

मेल्चोरा हात सोडवून घेत म्हणाली, "डॉक्टरबाई, नेलिदानं गोळ्या सोडल्यात."

 रोसाउराबाईंनी अंगातला पांढरा कोट काढून फेकला, आणि दोघी तशाच टेकडीच्या पायऱ्या चढायला निघाल्या. मी यंत्राशेजारी बाजूला पडून राहिलो, चुंबळीशिवाय. कधी घरंगळेन ह्याचा नेम नव्हता, पण त्या दिवशी मला माझी पडली नव्हती.

पुढचं मला मोरीवर कळलं, तुकड्यातुकड्यानं. नेलिदाला त्याच संध्याकाळी दवाखान्यात नेलं. ती पुन्हा गोळ्या घ्यायला लागली, सुया टोचून घ्यायला लागली. पण मधल्या सुट्टीत जंतूंनी आपलं घर पक्कं करून घेतलं होतं. जी औषधं आधी थोडी तरी लागू पडत होती, त्यांनाही आता ते हसत होते. तिच्या थुंकीत रक्त आलं. रोसाउराबाईंनी ओळखीच्या ओळखीच्यांचे उंबरे झिजवले, पण ह्याच्यापुढचं औषध तेव्हा आमच्या टेकडीपर्यंत येत नव्हतं. ते शोधायचं काम आमचंच होतं आणि आमच्या हातात होता साबण.

नर्सनं एकदा घरी तो वेगळा कप बघितला. ती म्हणाली, की अहो, हा आजार कपातून होत नाही, हवेतून होतो. कप कशाला वेगळा, त्यापेक्षा खिडकी उघडा. त्या घराला एकच खिडकी होती, आणि ओल येते म्हणून मेल्चोरानं ती प्लास्टिकनं ठोकून बंद केली होती. तिनं त्याच क्षणी ते प्लास्टिक फाडून काढलं.

राखाडी आभाळाच्या दिवसांत नेलिदा गेली. आदल्या दिवशी तिनं काढा मागितला, मुळांशिवायचा, गाडीवर विकायची तसा साधा. दोन घोट घेऊन तिनं कप आईपुढे केला आणि ओठ हलवून म्हणाली, की आता तू पी, ह्याच कपातून. मेल्चोरा प्याली. तळाचा गाळसुद्धा प्याली. हे सांगताना ती रडली नाही, फक्त नळ चालूच ठेवून उभी राहिली, आणि ज्या बाईनं आयुष्यभर पाण्याचा थेंब सांडला नव्हता तिच्यासमोर बादली भरून वाहत होती.

मला वाटलं होतं, आता मेल्चोराला काढून टाकतील आणि मलाही चंबूगबाळं आवरावं लागेल. कुणी तसं म्हणालंसुद्धा. रोसाउराबाईंनी साफ नकार दिला. त्यांनी आपला नियम बदलला. आता कुठलंही झाड आलं, की आधी रिकाम्या चंबूची परीक्षा. अल्कोहोल ओतायचं, फिरवायचं, तपासायचं. रेघ खाली उतरली तरच पुढे जायचं. ह्या परीक्षेला त्यांनी सगळ्यांत आधी मला लावलं, आणि मग सगळ्या धुण्याचा नमुना म्हणून माझी तीच नोकरी झाली. तेव्हापासून माझ्यात कोणत्याही झाडाचा अर्क पडलेला नाही.

मेल्चोरा आजही मला धुते. केस पिकलेत, बोटं वाकडी झालीत, केचुआतलं रागावणं बंद झालंय. धुऊन झाल्यावर ती मला नाकाशी धरते आणि कितीतरी वेळ हुंगते. कसलाच वास येत नाही ना, एवढंच बघायचं असतं तिला. मग ती हात पुसून आत येते आणि पडद्यासमोर उभी राहते. रेघ खाली उतरायला लागली की मोरीवर परत जाते. बाकीचे सगळे आडव्या रेघेची वाट बघतात, ती एकटीच उतरत्या रेघेची. शोध अजून चालू आहे. नवीन गाठोडी येतात, नवीन रेघा उतरतात. आमच्या हाताला अजून काही लागलेलं नाही.

मित्रांनो, मी काचेचं भांडं, तुम्हाला शहाणपण शिकवायचा मला काय अधिकार? तरी एवढं ऐका. भांडं धुवाल तेव्हा शेवटचं पाणी घालायला हात आखडू नका. तुमच्या घरात, शेजारात कुणी अशा गोळ्या घेत असेल, तर नव्या औषधाची बातमी त्याला जरूर सांगा, पण आजची गोळी त्याच्या हातावर ठेवून मग सांगा, आणि ती गिळेपर्यंत तिथून हलू नका. त्याच्या खोलीची खिडकी उघडा. आणि त्याचा कप वेगळा करू नका.